गाडीचा ब्लोअर बंद पडलाय? मेकॅनिककडे जाण्याआधी एवढं तपासा

मागच्या पावसाळ्यात मी आणि बाबा आमच्या पंधरा वर्षं जुन्या हॅचबॅकने पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना ब्लोअर अचानक बंद पडला. दोन-तीन मिनिटांत पुढची काच आतून पांढरी झाली. बाबा रुमालाने काच पुसतायत, मी खिडकी उघडी ठेवून भिजत गाडी चालवतोय, आणि समोर ट्रक आहे की नाही तेही नीट कळत नाहीये! त्या दिवशी समजलं की ब्लोअर फक्त आरामासाठी नसतो.

गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितलं, "मोटर गेली, साडेचार हजार होतील." मी सॉफ्टवेअरवाला. एरर न बघता कोड बदलायची सवय नाही. म्हटलं, रविवारी आपणच बघू.

ब्लोअर नेमकं काय करतो?

एसी आणि हीटर दोघांची हवा एकाच पंख्यातून येते, तोच हा ब्लोअर. हीटरमध्ये इंजिनचं गरम कूलंट एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणून हवा जोरात येतेय पण गरम होत नाही, तर दोष ब्लोअरचा नाही. तिथे कूलंटची पातळी किंवा थर्मोस्टॅट बघावा लागतो. हवाच येत नसेल तर पुढे वाचा.

बऱ्याच जुन्या गाड्यांत करंटचा रस्ता असा असतो: बॅटरी, फ्यूज, रिले, मोटर, रेझिस्टर, स्विच आणि शेवटी अर्थ, म्हणजे गाडीची बॉडी. १, २, ३ नंबरवर करंट रेझिस्टरमधून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. ४ नंबरवर रेझिस्टर वगळला जातो आणि मोटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं निदान झालंच.

लक्षणावरून दोष ओळखा

- फक्त ४ नंबरवर चालतो: बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो.
- कुठल्याच नंबरवर चालत नाही: फ्यूज, रिले, मोटर किंवा अर्थ तपासा.
- मोटरच्या डब्यावर हलकी थाप मारली की सुरू होतो: मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत.
- खडखड किंवा करकर आवाज येतो: पंख्यात पानं, कचरा किंवा बेअरिंग कोरडं.

मी काय केलं

आधी फ्यूज बघितला. तो उडालेला होता. त्याच अँपिअरचा नवा लावला, तर पंखा ४ नंबरवर सुरू झाला, पण १ ते ३ वर काहीच नाही. मग आठवलं, गेला महिनाभर आम्ही ४ वरच चालवत होतो! "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून दुर्लक्ष केलं होतं. म्हणजे दोष दोन होते आणि पहिल्याने आधीच सूचना दिली होती.

मग चावी काढली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा उतरवला. ब्लोअर त्याच्या मागे असतो. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. जोडताना तोच तुमचा नकाशा.

रेझिस्टरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर ओहमवर लावला. चांगल्या रेझिस्टरमध्ये थोडेच ओहम दिसतात. माझ्याकडे रीडिंगच येईना, म्हणजे आतली जोडणी तुटलेली. त्यावर एक थर्मल फ्यूज असतो, जास्त तापलं की तो स्वतः तुटतो.

पण तो तापला का? रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, म्हणजे ब्लोअरच्याच हवेने तो थंड राहतो. समजा १ नंबरवर ४ अँपिअर करंट जातोय आणि रेझिस्टर दीड ओहमचा आहे. ४ × ४ × १.५ म्हणजे २४ वॉट उष्णता! हवा अडली की ही उष्णता जाणार कुठे?

मोटरचे तीन स्क्रू काढून ती खाली घेतली आणि उत्तर मिळालं. पंख्यात कुजलेली पानं आणि माती अडकली होती, हाताने फिरवला तरी घासत होता. हवा कमी म्हणून रेझिस्टर जळला. घासणाऱ्या मोटरने जास्त करंट ओढला म्हणून फ्यूज उडाला. नुसता रेझिस्टर बदलला असता तर तोही पुन्हा जळला असता.

पंखा ब्रशने साफ केला, केबिन फिल्टर बदलला आणि नवा रेझिस्टर लावला. मोटर ठणठणीत होती. खर्च हजाराच्या आत आणि अर्धा रविवार.

हे मात्र करू नका

- फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज लावू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.
- थर्मल फ्यूजच्या जागी साधी वायर जोडू नका. आग लागू शकते.
- एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका.
- वायर वितळलेली दिसली किंवा जळका वास आला, तर थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

काच धुरकट झाली तर एसी चालू करा, हवा पुढच्या काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेणारा मोड ठेवा. एसी हवेतली ओल काढून घेतो, म्हणून काच लवकर साफ होते.

आता बाबा गाडीत बसले की आधी ब्लोअर १ ते ४ फिरवून बघतात, मगच "चल" म्हणतात. पावसाळ्याआधी तुम्हीही ही दहा सेकंदांची टेस्ट करा. एकही नंबर चालत नसेल, तर तो दोष घाटात नाही, घरीच शोधा.