बालकांचा मोतीबिंदु आणि आरोग्यसेविका

श्रोतेहो, मोतीबिंदु हा शब्द ऐकला कीं काठी टेकीत चालणारे आजोबा आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. मोतीबिंदु ‘पिकला’ म्हणजे मगच तो काढावयाचा, हा आपल्याकडील जुना समज होय. वृद्धांच्या बाबतींतही आतां तशी वाट पाहावी लागत नाहीं. परंतु हाच समज पाळण्यांतील बाळाला लावला, तर त्याची दृष्टि कायमची जाण्याचा धोका असतो.

असें कां व्हावें? कांहीं बालकांच्या डोळ्यांतील भिंग जन्मतःच गढूळ असतें. डोळा प्रतिमा आंत पोंचवितो, पण ती ओळखण्याचें काम मेंदू करतो, आणि तें काम तो जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांपासून शिकूं लागतो. या काळांत स्पष्ट प्रतिमा पोंचलीच नाहीं, तर पुढें भिंग काढलें तरी मेंदूला नीट पाहतां येत नाहीं. म्हणून दाट मोतीबिंदु एका डोळ्यांत असेल तर सुमारें सहा, आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर सुमारें आठ ते दहा आठवड्यांच्या आंत शस्त्रक्रिया व्हावी, असें नेत्रतज्ज्ञ सांगतात.

या व्याधीचीं कारणें अनेक आहेत. कांहीं घराण्यांत ती आनुवंशिक असते. गर्भारपणीं आईला होणारा रुबेला हेंही एक कारण असल्याचें सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं १९४१ सालीं दाखवून दिलें. त्यावर आज लस आहे. महाराष्ट्रांत गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्यें निघाली.

आतां आपल्याच मुंबईंतील वरळी कोळीवाडा पाहा. टोंकावर जुना किल्ला, समोर समुद्र, आणि मध्यें दाट वस्तीच्या अरुंद गल्ल्या. घरांतील कर्तीं माणसें मासळीच्या धंद्यासाठीं पहाटेच बाहेर पडतात. तान्हें मूल आजीच्या मांडीवर असतें. त्याच्या बाहुलींत पांढरट ठिपका दिसला, तरी ‘जरा मोठें होऊं द्या, मग दाखवूं’ असें आजीनें म्हणावें हें स्वाभाविक आहे. तुमच्या-आमच्या घरींही हेंच म्हटलें जाईल. अशा वेळीं उंबरठ्यावर जी पोंचते, ती आरोग्यसेविका. तिची नजर तयार असेल तर परळचें के. ई. एम. रुग्णालय तेथून फार दूर नाहीं.

खेड्यांतील आशा सेविका रुग्णालयांत जन्मलेल्या बाळाला भेटावयास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळां जाते. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे! म्हणजे शेवटच्या भेटीची वाट पाहिली, तर एका डोळ्याची मुदत तेथेंच संपते. डोळे पाहावयाचे ते पहिल्याच भेटींत.

तिला शिकवावयाचें तें थोडकें आहे. विजेरीच्या उजेडांत दोन्ही बाहुल्या काळ्या आहेत कीं एखादी पांढुरकी आहे? दोन महिन्यांचें बाळ आईच्या तोंडाकडे टक लावून पाहतें काय? डोळे सारखे भिरभिरतात काय? एक डोळा झांकला असतां तें रडतें, आणि दुसरा झांकला असतां स्वस्थ राहतें, असें होतें काय? परिचारिकेनें याच्या पुढें जावें. अंधाऱ्या खोलींत हातभर अंतरावरून नेत्रदर्शक यंत्रानें पाहतां दोन्ही बाहुल्यांत सारखीच तांबूस झांक दिसली पाहिजे. ती पांढरी, काळपट वा असमान दिसल्यास बाळाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावें. रोगाचें नांव ठरविणें हें सेविकेचें काम नव्हे. कारण पांढरी बाहुली हें डोळ्यांतील कर्करोगाचेंही चिन्ह असूं शकतें, आणि तेथें प्राणाशींच गांठ असते.

फेब्रुवारी २०१३ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. परंतु यादींत नांव असणें निराळें, आणि गल्लींत पाहणारा डोळा असणें निराळें.

शस्त्रक्रियेनंतरही सेविकेचें काम उरतेंच. बाळाला चष्मा किंवा स्पर्शभिंग लागतें. कांहींना चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी बांधावी लागते. पुढें कांचबिंदूची भीति असल्यानें वर्षानुवर्षें तपासणी करवावी लागते. ‘एवढ्याशा पोराला चष्मा?’ असें शेजारीण म्हणते, आणि चष्मा फळीवर जातो. तो पुन्हां नाकावर आणणें हें शस्त्रक्रियेइतकेंच मोलाचें आहे.

श्रोतेहो, आपल्या दारीं मासळीची पाटी घेऊन येणारी कोळीण नातवंडाची गोष्ट सांगूं लागली, तर त्याचे डोळे कसे आहेत हें अवश्य विचारा. आणि कांहीं शंका आली, तर तिला ‘पुढें पाहूं’ असें मात्र म्हणूं देऊं नका.