यंत्रांचा सौदा, माणसाचे उत्तरदायित्व

फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य झाला. तेव्हापासून टोलनाक्यावर यंत्र यंत्राला ओळखते आणि खात्यातून पैसे वळते होतात. हे अर्थात पूर्ण स्वायत्त यंत्रव्यवहार नव्हेत. येथे दर शासनाने ठरवलेला असतो आणि हिशेब बँका ठेवतात.

पुढची पायरी उत्तर प्रदेशाने चाचपून पाहिली. २०२० मध्ये लखनौ येथे छतावरील सौरवीज शेजाऱ्यास विकण्याचा प्रयोग सुरू झाला. वीज स्मार्ट मीटरने मोजायची, मालकाने आखून दिलेल्या दरमर्यादेत सौदा संगणकीय कराराने जुळवायचा आणि त्याची नोंद ब्लॉकचेनवर करायची, अशी त्याची रचना होती. लहान वीज उत्पादकाला बाजार मिळावा, हा हेतू स्वागतार्हच आहे.

मला चिंता वाटते ती चुकीची. ब्लॉकचेनवरील नोंद सहसा बदलता येत नाही, हा तिचा गुण मानला जातो. परंतु मीटरनेच आकडा चुकीचा दिला, तर ती चूकही तितकीच अढळ होते. नोंद अभंग असणे आणि ती सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपला कायदा येथे काय सांगतो? १८७२ चा भारतीय करार कायदा सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीलाच करारास पात्र मानतो. यंत्राला तेथे स्थान नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ नुसार आपोआप चालणाऱ्या प्रणालीने पाठवलेला संदेश, ज्याने किंवा ज्याच्या वतीने ती प्रणाली योजली, त्याचाच समजला जातो. म्हणजे यंत्राच्या सौद्याचे ओझे अखेर सामान्य ग्राहकावर येऊ शकते. ज्याने तो कार्यक्रम लिहिला नाही आणि ज्याला तो वाचताही येत नाही, त्याच्यावर!

२०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने फास्टॅगच्या स्वयंचलित भरण्याला चोवीस तास आधी सूचना देण्याच्या अटीतून सूट दिली. शिल्लक केव्हा संपेल हे आधी सांगता येत नसल्याने ही सूट समजण्यासारखी आहे. मात्र अशी प्रत्येक सवलत माणसाला निर्णयापासून एक पाऊल दूर नेते.

म्हणून यंत्रांच्या खर्चाला मर्यादा असावी, व्यवहार थांबवण्याचा अधिकार मालकाकडे राहावा आणि वाद उद्भवल्यास यंत्र अचूक होते हे सिद्ध करण्याचा भार निर्मात्यावर असावा. यंत्राला व्यवहाराची मुभा देण्यापूर्वी, त्याच्या चुकीची दाद कोणापाशी मागायची हे कायद्याने स्पष्ट केले पाहिजे.