उकिरड्यातील संजीवनी

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी का होईना फिटते, असे आपल्याकडे म्हणतात. वैद्यकाच्या इतिहासात ही दैना फिटावयास काही सहस्र वर्षे जावी लागली. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी येथील रटगर्स विद्यापीठात, कृषी महाविद्यालयाच्या तळघरात काम करणाऱ्या अल्बर्ट शात्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने एक सूक्ष्मजीव वेगळा केला. त्याचा एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या मातीतून आला होता, तर दुसरा कोंबडीच्या घशातून. त्यापासून मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयाच्या जंतूंना आवर घातला. याच जंतूंपुढे पेनिसिलिनने हात टेकले होते. शात्झचे गुरू सेल्मन वाक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक लाभले. शात्झला मात्र सहसंशोधक म्हणून मान्यता मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

कुजणाऱ्या पदार्थांतच असे औषध का सापडावे? पालापाचोळा, शेण आणि काडीकचरा यांचा ढीग वरून निश्चल दिसला, तरी आत अहोरात्र झुंज चाललेली असते. अन्न एक आणि वाटेकरी कोट्यवधी, अशी ही स्थिती. काही दिवसांतच ढिगाच्या गाभ्याचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. नाजूक जंतू मरतात आणि उष्णता सोसणारे तगतात. पुढे ढीग निवू लागला की राखेसारखा पांढुरका थर दिसतो. तो बुरशीसारखे तंतू धरणाऱ्या जीवाणूंचा असतो. मुरलेल्या खताला येणारा ओल्या मातीचा सुवास त्यांचाच. स्ट्रेप्टोमायसिन देणारे कुळही याच गोतातले. ‘बॅसिलस सबटिलिस’ हा त्यांचा शेजारी इट्युरिन आणि फेंजायसिन ही द्रव्ये निर्माण करून बुरशीच्या पेशींचे आवरण भेदतो. चांगले कंपोस्ट घातलेल्या वाफ्यात रोपे कोलमडण्याचा रोग कमी आढळतो, त्याचे हे एक कारण होय. तेच कंपोस्ट वाफेने निर्जंतुक केले, तर हा गुण बहुतांशी नाहीसा होतो. म्हणजे संरक्षणाचे श्रेय केवळ खतातील अन्नांशाचे नसून त्यातील सजीवांचे आहे.

या विद्येशी आपला संबंध जुना आहे. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत शास्त्रशुद्ध केली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतून मिळालेल्या जीवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. परदेशी सूत्र आणून येथे गोळ्या बनविणे आणि आपल्या पायाखालच्या मातीतून नवे औषध काढणे, यांतील अंतर ज्यांना कळले होते, अशांचे ते कर्तृत्व होते.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. जो जीवाणू विष निर्माण करतो, त्याला त्या विषापासून स्वतःचा बचावही करावा लागतो. त्यामुळे अस्त्राइतकेच कवचही मातीत प्राचीन आहे. १९४८ साली ब्रिटनमधील प्रसिद्ध चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोग्यांचे मृत्यू घटविले खरे. पण त्याच रुग्णांपैकी अनेकांच्या शरीरातील जंतू काही आठवड्यांतच औषधाला दाद देईनासे झाले. मातीत सहस्रावधी वर्षे संथपणे चालणारा हा डाव मनुष्याने अविवेकाने वेगवान केला. पडशाखोकल्यालाही प्रतिजैविक घ्यावयाचे, बरे वाटताच ते अर्धवट सोडावयाचे आणि कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातही तेच मिसळावयाचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. पशुखाद्यातील कोलिस्टिनवर आपल्याकडे बंदी आली ती २०१९ साली. त्याच वर्षी जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. जनावरांना दिलेल्या औषधाचा मोठा अंश शेणामुतावाटे बाहेर पडतो आणि पुन्हा उकिरड्यातच पोहोचतो. ज्या ढिगाने संजीवनी दिली, त्याच ढिगात आपण तिचा उतारा तयार करीत आहोत, असे म्हणावे लागेल.

उपायही बऱ्याच अंशी त्याच ढिगात आहे. ओलावा राखून, वेळोवेळी उलथून, पुरेसे तापू देऊन खत कुजविले, तर टेट्रासायक्लिनसारख्या औषधांचे अवशेष पुष्कळ घटतात आणि रोगजंतूही मरतात. प्रतिरोध मात्र त्याने समूळ नष्ट होत नाही. म्हणून कच्चे शेण शेतात लोटण्याची घाई टाळावयास हवी, आणि औषधाचा संयम तर दवाखान्यात व गोठ्यात सारखाच पाळावयास हवा. मातीतील बहुसंख्य जीवाणू अद्याप प्रयोगशाळेत वाढविता आलेले नाहीत. त्यांच्यापाशी आणखी कोणती द्रव्ये आहेत, हे शोधण्याचे काम चिकाटीचे आणि अनिश्चित फळाचे आहे. केवळ नफा पाहणारे उद्योग ते अंगावर घेण्यास कचरतात. तेव्हा ते विद्यापीठांनी आणि शासनानेच उचलावयास हवे. उकिरड्याने एकदा आपले दान दिले आहे. ते उधळल्यावर दुसरे मिळेलच, या भरवशावर राहणे शहाणपणाचे नव्हे.