गिरणीचा भोंगा आणि पाळणा : नोकरी करणाऱ्या मातेच्या प्रश्नाची एक मांडणी

नोकरी आणि संसार या दोहोंचा मेळ घालणाऱ्या स्त्रीविषयी लिहिताना 'तारेवरची कसरत' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रूढ झाला आहे, की त्यात काही गृहीत धरलेले आहे याची जाणीवही सहसा होत नाही. कसरत म्हटली की कौशल्य आले, आणि कौशल्य करणारीचे. अर्थात तोल गेला तर उणीवही तिचीच. तार कोणी बांधली, किती उंचीवर बांधली, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. मग उपदेश सुरू होतो : पहाटे लवकर उठावे, वेळेचे नियोजन करावे, घरच्यांना विश्वासात घ्यावे. हा उपदेश खोटा आहे असे नव्हे. परंतु त्याने प्रश्नाचे स्वरूप झाकले जाते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न गुणांच्या परिभाषेत न मांडता तासांच्या आणि खर्चाच्या हिशेबात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्री-कामगारांचे उदाहरण घेतले आहे. घराबाहेर, घड्याळाच्या ठोक्यावर, मजुरीसाठी काम करणाऱ्या मराठी मातांच्या पहिल्या मोठ्या समूहांपैकी हा एक समूह होय. आणि पुढे कायद्याने जे मार्ग चोखाळले त्यांचा उगमही बव्हंशी येथेच सापडतो.

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. बहुतेक स्त्रिया वाइंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांत असत, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला 'नाईकीण' म्हणत. १९२२च्या फॅक्टरी कायद्याने कामाची मर्यादा दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास अशी ठरवली. म्हणजे ज्या काळाला आपण सुधारणेचा काळ म्हणतो त्या काळातही कायद्याने संमत असलेला दिवस अकरा तासांचा होता. त्यात नळावरची रांग, चूल आणि गिरणीपर्यंतची पायपीट मिळवावी, म्हणजे तान्ह्या मुलाच्या आईपाशी काय शिल्लक उरत असेल याची कल्पना येते.

तान्हे मूल दोन-तीन तासांनी दूध मागते. गिरणीची सुट्टी मात्र दुपारी एकदाच. या दोन वेळापत्रकांमधील अंतर भरून काढण्याचे मार्ग मोजकेच होते. घरात सासू किंवा नणंद असेल तर मूल तिच्यापाशी. नसेल तर आठ-दहा वर्षांच्या मोठ्या मुलीपाशी, आणि मग त्या मुलीची शाळा बंद. कोकणातून आलेल्या कुटुंबांना मूल गावी आजीकडे पाठवण्याचाही मार्ग असे. यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हा उपयोगी पडे ती अफूमिश्रित 'बाळगोळी'. डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक परिस्थितीची पाहणी केली, तीत मुलांना अफू देण्याची चाल सर्रास असल्याचे आढळले. पुढे शाही मजूर आयोगानेही १९३१च्या अहवालात या गोष्टीची दखल घेतली.

तत्कालीन सुशिक्षितांनी या चालीला 'अज्ञान' हे नाव दिले आणि अज्ञान घालवण्यासाठी व्याख्याने योजली. प्रस्तुत लेखकाला हे निदान अपुरे वाटते. अफू घातक आहे हे त्या मातेला ठाऊक नव्हते असे मानायला आधार नाही. मूल पाच तास झोपले नाही तर मजुरी बुडेल आणि मजुरी बुडाली तर मूल उपाशी राहील, हे मात्र तिला निश्चित ठाऊक होते. तिची गोळी भोंग्याच्या आणि भुकेच्या वेळापत्रकांमधील तफावतीचे उत्तर होती. उत्तर भयंकर होते, पण प्रश्न तिने निर्माण केलेला नव्हता. आजच्या सुस्थित घरात या तफावतीवर निराळी उत्तरे शोधली जातात; कधी ती पगारी बाई असते, कधी निवृत्त आजी, कधी मुलापुढे ठेवलेला मोबाईल. साधने बदलली, तफावत तीच आहे.

या संदर्भात वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतील एका रिवाजाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असे वाटते. या खात्यांत काम उक्ते असे. जितका माल निघेल तितकी मजुरी. त्यामुळे स्वयंपाक उरकून उशिरा येण्याची आणि लवकर निघण्याची थोडी मुभा स्त्रियांना मिळे. मूल सांभाळणाऱ्या बाईला ही सोय मोलाची होती यात शंका नाही. पण तिची किंमतही तिलाच मोजावी लागे. स्त्रिया पूर्ण वेळ भरत नाहीत, त्यांची कमाई कुटुंबाला केवळ जोडकमाई आहे, असे म्हणत त्यांची कमी मजुरी समर्थनीय ठरवली जाई. सवलत आणि स्वस्ताई ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होती. घरबसल्या काम आणि सोयीच्या वेळा यांची आज जी स्तुती चालते ती वाचताना हा जुना व्यवहार आठवल्यावाचून राहत नाही. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या विवेचनाचा एक भागही असाच आहे : ज्या व्यवसायांत दीर्घ आणि अनिश्चित वेळ देणाऱ्यास वेळेच्या प्रमाणाबाहेर अधिक मोबदला मिळतो, तेथे वेळेची सोय मागणारा आपल्या मिळकतीचा मोठा वाटा गमावतो, आणि जोडप्यामध्ये ही सोय मागणारी व्यक्ती बहुधा आई असते.

आता कायद्याकडे वळू. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ साली मांडलेले प्रसूतीविषयक विधेयक संमत होऊ शकले नाही. मुंबई प्रांतात मात्र १९२९ साली प्रसूती-लाभाचा कायदा झाला. भारतातील या प्रकारचा तो पहिला प्रांतिक कायदा होय. प्रसूतीच्या आधी आणि नंतर काही आठवडे विश्रांती, व त्या काळात मालकाने द्यावयाचा भत्ता, असे त्याचे स्वरूप होते. हे विधेयक चर्चेस आले तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या भाषणातील एका मुद्द्याकडे पुढे पुरेसे लक्ष गेले नाही. मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा. परंतु मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो म्हणून त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पहिले अर्धे विधान आपण बाजूला ठेवले आणि दुसरे तेवढे उचलले.

याचे परिणाम कसे होतात ते समजून घेण्यासाठी थोडा विस्तार करणे आवश्यक आहे. खर्च थेट मालकावर टाकला आणि तो स्त्रियांच्या संख्येवर अवलंबून ठेवला, तर प्रत्येक नवी स्त्री-कामगार मालकाच्या हिशेबात एक संभाव्य खर्च होऊन बसते. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले ते पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली गेली. मर्यादा खाली आल्याने अधिक कारखाने कक्षेत आले हे खरे. परंतु स्त्रियांचा आकडा मर्यादेच्या आत ठेवण्याचा मोह त्यामुळे नाहीसा होत नाही, केवळ त्याची जागा बदलते. मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण १९३०च्या दशकापासून घसरत गेले आणि १९८२च्या संपाच्या वेळेपर्यंत ते अत्यल्प उरले होते. ही घसरण केवळ प्रसूती-लाभाने झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल. यंत्रांचे आधुनिकीकरण, ज्या खात्यांत स्त्रिया होत्या नेमक्या त्याच खात्यांतील कपात, पाळ्यांची वाढ आणि रात्रपाळीवरील बंदी, ही सारी कारणे त्यात गुंतलेली आहेत. राधा कुमार यांच्यासारख्या इतिहासकारांनी कुटुंब आणि गिरणी यांच्या संबंधाच्या अंगानेही तिचा विचार केला आहे. तथापि स्त्रीला संरक्षण देणारी तरतूद आणि स्त्रीला महाग करणारी तरतूद एकच असू शकते, एवढे या इतिहासावरून स्पष्ट होते.

गिरणीबाहेर फेकल्या गेलेल्या किंवा गिरणीत कधीच न गेलेल्या स्त्रियांनी गिरणगावात जो व्यवसाय पत्करला तो खानावळीचा. दहा-पंधरा कामगारांचे जेवण एका खोलीत रांधायचे, त्याच खोलीत मुले वाढवायची. वरवर पाहता काम आणि घर यांचा मेळ येथे परिपूर्ण साधलेला दिसतो, कारण दोहोंत भिंतच नाही. पण भिंत नसली म्हणजे कामाला अंतही नसतो. पहाटेच्या पाळीचे जेवण वेगळे, रात्रीच्या पाळीचे वेगळे. शिवाय वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले ते याच स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. मुलासमोर राहून मिळवता येणे हा लाभच आहे, परंतु त्याला विश्रांतीचे नाव देता येत नाही.

अलीकडची स्थिती थोडक्यात अशी. १९६१च्या प्रसूती-लाभ कायद्याने १२ आठवड्यांची सवेतन रजा दिली होती. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट आहेत. पाळणाघरासाठी स्त्रियांची गणना न करता एकूण कर्मचाऱ्यांची गणना करणे ही या कायद्यातील मोठी सुधारणा होय, आणि तिचे महत्त्व जितके सांगितले जावे तितके सांगितले गेलेले नाही. २६ आठवड्यांच्या वेतनाचा भार मात्र, राज्य कामगार विमा योजनेच्या कक्षेतील स्त्रिया सोडल्यास, अजूनही त्या त्या मालकावरच आहे. विमा योजनेत वर्गणी सर्वांची, पुरुष कामगारांचीही. म्हणून तेथे एखादी स्त्री नेमल्याने त्या मालकाचा खर्च वाढत नाही. १९२८ सालच्या त्या विस्मृत अर्ध्या विधानाच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था हीच. अर्थात शेतमजूर, घरकामगार, घरी बसून विड्या वळणारी स्त्री, अशा बहुसंख्य कष्टकरी मातांपर्यंत यांपैकी फारसे काहीच पोहोचत नाही.

रजेच्या आठवड्यांवर सारे लक्ष केंद्रित झाल्याने आणखी एक गोष्ट नजरेआड होते. मूल सव्वीस आठवड्यांचे होते तेव्हा प्रश्न संपत नाही. तेव्हा तो नित्याचा होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या कालविनियोग पाहणीनुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७ मिनिटे. शिवाय ही सरासरी केवळ भाग घेणाऱ्यांची आहे. आणि सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के भाग घेतात, तर पुरुषांपैकी सुमारे २६ टक्के. दुसरा आकडा पहिल्याहून बोलका आहे. पाळणाघरे विपुल असलेल्या डेन्मार्कमध्येही क्लेव्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले की पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांची मिळकत दीर्घकाळात पुरुषांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी खाली राहते. म्हणजे संस्था उभारल्याने सर्व काही साधते असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. घरातील वाटणी न बदलता केवळ पाळणाघर उघडले, तर आईची धावपळ एका थांब्याने वाढते इतकेच.

कोणाची गणना करावयाची, या मुद्द्याचे एक उद्बोधक उदाहरण २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात होते. कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आईबरोबर आली, तर मजूर स्त्रियांपैकी एकीला त्यांची देखभाल करण्यासाठी नेमावे आणि तिला त्याची मजुरी द्यावी, असे त्यात म्हटले होते. येथे मोजमाप स्त्रियांचे नाही, मुलांचे आहे. आणि मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र काम आहे अशी कायद्याची कबुली आहे. माती वाहणारी आणि मुले राखणारी एकाच हजेरीपटावर. अंमलबजावणी पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

आपल्या विद्यापीठीय क्षेत्रापुरते बोलावयाचे तर, अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला प्रबंधासाठी दोन वर्षांची अधिक मुदत आणि संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. ही सवलत योग्यच आहे. परंतु तिच्यात मुदत वाढते, दिवस वाढत नाही. ग्रंथालय सायंकाळनंतर वाचता येते, प्रयोगशाळेतील उपकरण रात्रीच मोकळे मिळते, चर्चासत्र दुपारी चारला सुरू होऊन सातपर्यंत लांबते. आणि पाळणाघर असलेच तर ते साडेपाचला बंद होते. आपल्या विभागांपैकी किती ठिकाणी चर्चासत्राची वेळ ठरवताना हा साडेपाचचा आकडा विचारात घेतला जातो, याची साधी नोंद एखाद्या विद्यार्थ्याने वर्षभर ठेवली, तर ती पदव्युत्तर प्रबंधिकेचा उत्तम विषय होईल.