परसातल्या औषधांचा डबा



रात्री-बेरात्री कुणाला खोकल्याची उबळ आली, किंवा जेवण जड होऊन पोट फुगलं, तर लगेच तालुक्याची वाट धरता येत नाही. अशा वेळी जुन्या घरांतून फडताळातल्या गाडग्यांतून ओवा, सुंठ, हिरडा निघायचा. आजही पुष्कळ घरांत पुड्या आहेत. पण त्यांत काय आहे आणि कधीचं आहे, हे कुणाला सांगता येत नाही. असा डबा नसलेला बरा. नव्याने भरायचा तर थोडक्यात भरावा.

पाच-सहा जिनसा पुष्कळ झाल्या. पोटफुगीला ओवा. मळमळ आणि सर्दीला सुंठ. पोट साफ होत नसेल तर बाळहिरडा. पण गरोदर बाईला तो देऊ नये. दाढ ठणकली तर लवंग दाढेखाली धरावी. ठणका कमी होतो, कीड मात्र तशीच राहते, हे ध्यानात असू द्या. तुळस, गवती चहा, अडुळसा आणि कोरफड मोरीच्या सांडपाण्यावरसुद्धा वाढतात. कोरफडीचं पान कापल्यावर पिवळा चीक निघतो तो धुऊन टाकावा. पोटात गेला तर जुलाब होतात. आतला गर किरकोळ भाजल्यावर लावावा, पण आधी भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या थंड पाण्याखाली धरा. फोड आले असतील तर काही न लावता दवाखाना.

अडुळशाचं जरा सविस्तर सांगतो. शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला लावतात, असं हे झाड. खोकल्याच्या काही आधुनिक औषधांचं मूळ याच्याच पानातल्या द्रव्यात आहे. दोन-तीन पानं, सुंठेचा लहान तुकडा, दोन कप पाणी; निम्मं आटवून गुळाच्या खड्याबरोबर मोठ्या माणसाने सकाळ-संध्याकाळ घ्यावं. गरोदरपणी अडुळसा घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर काढा उकळत बसू नका. थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. काढ्याने घसा मऊ होतो आणि रोग मात्र आत वाढत राहतो, हा खरा धोका.

पाला गोळा करायचा तो दव वाळल्यावर, कीड नसलेला. साल हवी असेल तर झाडाभोवती गोल काढू नका, झाड वाळून जाईल. वाळवायचं सावलीत, बाजेवर फडकं पसरून, रोज वरखाली करून. पान चुरडलं की कुरकुरीत मोडलं पाहिजे. नुसतं मऊ पडलं असेल तर बरणीत बुरशी धरणार. झाकणाची काचेची बरणी उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवून नाव, कुठून आणलं आणि तारीख लिहा. पूड एकदम करून ठेवू नका, लागेल तशी कुटा.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. कपाशीच्या, भाजीपाल्याच्या बांधावरचा पाला औषधाला घेऊ नका, फवारणीचा अंश त्यावर बसलेला असतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही विसळला तरी तो बरणी होत नाही.

ओळख पटल्याशिवाय काहीही घरात आणू नये. ओवा आणि पानओवा या दोन निराळ्या वनस्पती आहेत. वास सारखा म्हणून नावही सारखं पडलं. त्यात बिघडत नाही. पण धोत्र्याचं बी मिरचीच्या बियांसारखं दिसतं आणि ते जहाल विष आहे. धोतरा, कण्हेर, गुंज या डब्यात कधीच नकोत, कोणी कितीही गुण सांगो.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत पुढच्या गोष्टी लिहून तो झाकणाच्या आतून चिकटवा. साप, विंचू, विषारी औषध पोटात जाणं, छातीत कळ, फेफरं, धाप, रक्त पडणं: पाला नाही, गाडी. १०८ नंबरला फोन. विंचवाला उतारा आहे असं म्हणणारे गावोगाव भेटतील. पण महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की प्राझोसिनची साधी गोळी वेळेवर मिळाली तर विंचू चावलेला माणूस वाचतो. उशीर झाला तर कठीण. फवारणीचं विष असेल तर त्याची बाटली बरोबर न्या, डॉक्टरला नाव कळलं पाहिजे.

लेकराला जुलाब झाले तर मुरडशेंगेच्या आधी पाणी. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट-घोट पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. आशाताईकडे तयार पुडी मिळते, दोन डब्यात असू द्या. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर तडक दवाखाना. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका; त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. गुटी मधात उगाळायची रीत जुनी असली तरी ही सोडलीच पाहिजे.

दिवाळीच्या साफसफाईला डबा रिकामा करा. वर्षाचा जुना पाला, वास उडालेला ओवा आणि ज्याच्यावर तारीख नाही ते सगळं उकिरड्यावर टाका.