आधी रकाने, मग यंत्र

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना टोकावडे लागते. भाताची खाचरे, त्यांच्या वरच्या अंगाला वरकस जमिनी आणि पाठीशी सह्याद्रीचे कडे, असा हा मुलूख. अशा ठिकाणी संगणकशास्त्राची चर्चा काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. वास्तविक, माहितीची मांडणी कशी करावी हा त्या शास्त्रातील मूलभूत प्रश्न येथील शेतकऱ्याला सातबाराच्या रूपाने नित्य भेटत असतो.

माहिती कोष्टकांत ठेवावी व कोष्टके समान खुणेने एकमेकांशी जोडावीत, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. वस्तू कोणत्या आणि त्यांचे परस्परसंबंध कोणते, हे आधी रेखाटण्याची रीत पीटर चेन यांनी १९७६ साली दिली. आपल्या महसुली दप्तराची घडण मात्र त्याहून जुनी आहे. गाव नमुना सात हा हक्काचा, तर बारा हा पिकांचा. हक्क क्वचित बदलतो, पीक दर हंगामात. म्हणून नोंदी वेगळ्या आणि भूमापन क्रमांक हा त्यांचा दुवा. प्रत्येक बदल आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो. सातबारावरील जुने नाव खोडले जात नाही, त्याला कंस होतो. आज्ञावलीतील प्रत्येक बदलाचा इतिहास राखणारे 'गिट' हे साधन २००५ साली आले. तलाठ्याच्या दप्तराला ते तत्त्व अपरिचित नव्हते.

तथापि, कोणत्याही मांडणीत काही बसते व काही बाहेर राहते. खाचरात रोप तयार करण्यासाठी राब भाजतात आणि राबाचे गवत व पालापाचोळा वरकस जमिनीतून येतो. कसणाऱ्याच्या लेखी खाचर व वरकस हा एकच संसार. कोष्टकात त्या दोन सुट्या ओळी. जुन्या उताऱ्यांवर नावाआधी 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे आढळतात. अर्थ असा की, ही व्यक्ती एकत्र कुटुंबाची व्यवस्थापक आहे, एकटी मालक नव्हे. नक्कल करताना ही तीन अक्षरे गळाली, तर भावाबहिणींचा हक्क कागदावरून नाहीसा होतो. येथे चूक यंत्राची नसते; त्या अक्षरांसाठी रकाना ठेवावा हे कोणाला सुचले नाही, ही चूक असते.

वनहक्क कायदा २००६ सालचा. त्यानुसार विवाहितांच्या बाबतीत वनपट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे व्हावयाचा असतो. तो वारसाकडे जातो, पण विकता येत नाही. एकच नाव धरणाऱ्या नमुन्यात हा हक्क नोंदवला, तर कायद्याने दिलेले पत्नीचे स्थान कारकुनी सोयीपायी जाते. ठाकूर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबांच्या या तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नव्हे.

महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तालुक्याच्या खेपा त्यामुळे वाचल्या, ही सुधारणा निःसंशय मोठी. आता तर साध्या वाक्यात सांगितले की आज्ञावली लिहून देणारी साधने उपलब्ध झाली आहेत. काही आठवड्यांचे काम तासांत उरकते. परंतु साधन जितके वेगवान, तितकी चुकीची मांडणीही वेगाने पसरते. पूर्वीची चूक एका वहीत राहत असे. आजची एकाच वेळी हजारो गावांत उमटते. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो. पण जो रकानाच नाही, त्याची दुरुस्ती कोणत्या अर्जाने मागावी?

यावर उपाय खर्चाचा नाही. नवी प्रणाली आखणाऱ्याने पहिले काही दिवस गावच्या चावडीत बसावे. जुनी वही उघडून प्रत्येक खुणेचा अर्थ लिहून घ्यावा. वहिवाटदाराला, विशेषतः ज्या स्त्रीचे नाव कोठेच नाही तिला, जमीन कोणाची व कशी हे विचारावे. यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते क्षणात देईल. कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला, हे मात्र टोकावड्याच्या बांधावरच कळेल.