कानाचे वय, डोळ्यांचे वय : मुलांसाठी ग्रंथालयातून पुस्तक निवडताना

काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागांत तीन-चार पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांतून आजही मराठी बोलली जाते. मात्र नातवंडांशी बोलताना ती बहुधा आज्ञांपुरती उरते : जेवून घे, दप्तर आवर, लवकर झोप. एवढ्याच शब्दांवर भाषा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचणार नाही. रोजच्या व्यवहारात न लागणारे शब्द मुलांच्या कानांवर पडायचे, तर त्यांना पुस्तक वाचून दाखवावे लागते. ते पुस्तक कसे निवडावे, हा या लेखाचा विषय आहे.

ग्रंथालयात गेल्यावर आपण मुलाची इयत्ता सांगतो आणि तेथेच घोटाळा होतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला मराठीत दोन वये असतात : एक कानाचे, दुसरे डोळ्यांचे. दहा वर्षांच्या मुलीला आजीने सांगितलेली गोष्ट सहज कळते; तीच गोष्ट छापील पानावर आली की ती अक्षरे जुळवीत बसते. म्हणून दोन पुस्तके आणावीत. एक कानाच्या वयाचे, आपण वाचून दाखवण्यासाठी. दुसरे डोळ्यांच्या वयाचे, तिने स्वतः वाचण्यासाठी.

‘श्यामची आई’चे उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला. 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात प्रकरणांऐवजी 42 रात्री आहेत, कारण श्याम सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो. म्हणजे पुस्तकाची घडणच ऐकण्याची आहे. ते वाढदिवसाला मुलाच्या हाती देऊन मोकळे होण्यापेक्षा आजोबांनी एका बैठकीत एकच रात्र वाचावी आणि कोकणातले अनोळखी शब्द वाचता वाचता सांगावेत. स्वतः वाचण्यासाठी मात्र माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी, चित्रांच्या आधाराने चालणारी लहान पुस्तके बरी.

आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. शाळेतल्या हिंदीमुळे त्यांना देवनागरी येते. हिंदीच्या सवयीने ती ‘चमचा’, ‘जागा’ हे शब्द हिंदी उच्चाराने वाचतात आणि ‘ळ’पाशी अडतात. परंतु च आणि ज यांचे दंततालव्य उच्चार तेलुगूत आहेत, ‘ळ’ही आहे. शेजारच्या अंगणात तेलुगू बोलणाऱ्या मुलाची जीभ त्यांना सरावलेली असते. चूक काढून हिरमोड करण्याऐवजी ‘तेलुगूत म्हणतोस तसा म्हण’ एवढे सुचवले तरी पुरते.

दोन भाषांची ही ये-जा पुस्तकांतही आहे. ‘चंदामामा’ 1947 मध्ये मद्रासहून तेलुगूत निघू लागला आणि 1952 पासून ‘चांदोबा’ या नावाने मराठी घरांत आला. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील अनेक पुस्तके मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत निघाली आहेत. एकच गोष्ट आधी तेलुगूत कळलेली असली, तर मराठी वाक्याचा अर्थ मूल स्वतःच लावते.

कपाटापाशी उभे राहून करायची परीक्षा सोपी आहे. पुस्तक मधेच उघडावे आणि अर्धे पान हलक्या आवाजात वाचावे. आपलीच जीभ अडखळली किंवा आपल्यालाच जांभई आली, तर ते पुस्तक परत ठेवावे. कंटाळून वाचलेले मुलांना लगेच ओळखू येते. चित्र आणि मजकूर एकमेकांना धरून आहेत का, तेही पाहावे.

शिवाय एक पुस्तक मुलाला त्याच्या मनाने घेऊ द्यावे, मग ते आपल्याला पोरकट वाटो. ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे रंगनाथन यांचे 1931 मधील सूत्र लहान वाचकालाही लागू आहे. तेच पुस्तक त्याने तिसऱ्यांदा मागितले, तर मुदत वाढवून घ्यावी. पाठ झालेली वाक्ये पुढे त्याच्या बोलण्यात येतात. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक मिळाले तर एका अंकात गोष्ट, कविता, कोडे असे सारे असते आणि मुलाची आवड कुठे आहे ते समजते.

नांदेड, परभणी, मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या काचीगुड्याहून आजही सुटतात. पण 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठी शाळा आणि मराठी शेजार आपल्याला आपोआप मिळेनासा झाला. ग्रंथालय अजून हाताशी आहे. बालविभागातली पुस्तके कोणी नेली नाहीत, तर नवी घेण्याचे कारणच उरत नाही. या महिन्यात दोन पुस्तके न्यावीत आणि जेवणानंतरची पंधरा मिनिटे त्यांच्यासाठी राखावीत.